पाठीची अकरा बटणं

सुमती ट्राममध्ये बसली तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. मांडीवर इस्त्री. पिशवीत सेफ्टी पिना, सुईदोरा आणि मराठी मंडळाच्या नाटकात सरदार होणाऱ्या लोकेशचा जरीचा कोट. लायडस्खेनडामहून फोरबर्ग काही लांब नाही, पण तिचा पाय सारखा हलत होता.

"आई, आज तू नटी आहेस. इस्त्री कशाला?" धम्मदीपा म्हणाली. ही तिची लेक, इथे हॉलंडात हेगला नोकरीला.

"तुमच्या मंडळातली पोरं चुरगळलेल्या कपड्यात सरदार होतात. मला नाही बघवत."

चौथी शिकलेली बाई. गडचिरोलीकडच्या वडशाच्या नाटक कंपनीत बावीस वर्षं ड्रेपरी, म्हणजे नटांचे कपडे, सांभाळले तिनं. राजा असो नाहीतर भिकारी, तिच्यापुढे येऊन पाठ करायचा, हात जरा बाजूला धरायचा, की ही बंद बांधायची, पाठीवर थाप मारायची आणि म्हणायची, जा. तोंड बघायचं कारणच नव्हतं. कंपनीचा एकच कडक नियम होता: ज्यानं कपडे चढवले, त्यानंच उतरवायचे. दुसऱ्याचा हात लागला तर सोंग अंगातून जात नाही म्हणत.

त्या बावीस वर्षांत तिला कुणी एकदाही स्टेजवर उभं केलं नाही. आज करणार होते. दुसऱ्या अंकात सुईण येते, चार वाक्यं बोलते आणि दिवाणाचं पाप उघडं पाडते. चारच वाक्यं. पण दोन महिने रोज फोडणी देताना ती म्हणत होती. घरातल्या कांद्यालासुद्धा पाठ झाली असतील.

थिएटर जुनं होतं. बोळात ओळीनं फोटो. रखवालदार हेन्क इंग्रजीत सांगत होता आणि धम्मदीपा मराठीत.

"हा जेराल्ड थॉर्नबी, इंग्लंडचा नट. इथे एकोणीस वर्षांचा आहे. गर्दीत भाला धरून उभा. मग नोकर झाला, मग वकील. सिनेमात गेला. सिनेमात म्हणे चौदा वेळा मेला."

"आणि हा?"

"हा त्याचाच, शेवटचा. लंडनच्या स्टेजवर राजा झाला, आणि ते नाटक घेऊन कंपनी इथे आली. त्या दिवशी बर्फात गाड्या अडकल्या. त्याला कपडे चढवणारा माणूस पोचलाच नाही. कोटाला पाठीवर अकरा बटणं. स्वतःची स्वतःला लागतात का? बाकीचे आपापल्या घाईत. तिसऱ्या खोलीत वाट बघत उभा राहिला. बोलवायला गेले तर..."

"तर काय?"

"गेला होता, आई. पाठ तशीच उघडी."

सुमती फोटोपुढे जरा थांबली. "ड्रेपरीवाला नसला की राजाही उघडाच," ती म्हणाली आणि इस्त्री तापवायला गेली.

चार वाजता तिसरी घंटा झाली. साडेचारला बाहेर अंधारून आलं. आत विंगेत एक निळा दिवा, तेवढाच उजेड. आणि काय धावपळ! कुणाची मिशी निघते, कुणाचा फेटा सुटतो, सगळे "मावशी, मावशी!" करत हिच्या अंगावर. सुमतीच्या छातीत ढोल वाजत होता. असं सुख तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

पहिला अंक संपला. लोकेशला दोन मिनिटांत कोट बदलायचा होता. घाईत चढावा म्हणून तिनंच त्या कोटाला पाठीवर बटणं शिवली होती. सात.

अंधारात एक पाठ पुढे आली. हात जरा बाजूला.

"उभा रहा नीट," ती पुटपुटली आणि वरून सुरुवात केली. ओल्या लोकरीचा वास आला. डांबराच्या गोळ्यांचा. तंबाखूचा. एक, दोन, तीन... कापड थंडगार होतं. सहा, सात. बोटं थांबेनात. आठ... नऊ...

अकरावं लागलं. तिनं सवयीनं थाप मारली. "जा."

"मावशी!" पलीकडच्या विंगेतून लोकेश दबक्या आवाजात ओरडला. "कोट आणा ना! मी बनियनवर उभा आहे!"

कोट तिच्याच डाव्या हातावर होता.

कशी पलीकडे गेली, त्याची सात बटणं कशी लावली, तिचं तिला कळलं नाही. परत आपल्या जागी आली आणि पाठीला गार वारा लागला. हात मागे नेला. चोळीच्या नाड्या लोंबत होत्या. सगळ्यांचे बंद बांधता बांधता बाईचे स्वतःचे राहिले होते! विंगेत चिटपाखरू नाही. धम्मदीपा प्रेक्षकांत. हात पुरेना.

स्टेजवर लोकेश गरजला, "बोलवा त्या सुईणीला!"

आणि तिच्यापुढे, उजेडाच्या कडेला, तो उभा होता. पाठमोरा. बटणं लागलेली. त्यानं स्टेजकडे एक पाऊल टाकलं.

भीती वाटली का? वाटली. पण बावीस वर्षांचा राग भीतीपेक्षा मोठा होता.

"ए बाबा," ती दातओठ खाऊन म्हणाली, "तुझी चौदा मरणं झाली. माझी चारच वाक्यं आहेत. सरक!"

तो थांबला. हळूच बाजूला झाला... तिच्या मागे गेला. बर्फासारखी बोटं पाठीला लागली. एक गाठ. दुसरी. तिसरी. मग थाप.

सुमती स्टेजवर गेली.

काय बोलली बाई! चौथ्या वाक्याला दिवाण झालेला पोरगा खरोखरच मागे सरकला. टाळ्या थांबेनात. दिग्दर्शक सुदर्शन रडत होता. "ताई, नाटक तुम्ही नेलंत!"

सहाला थिएटर रिकामं करायचं होतं. ती लुगड्यावरच जॅकेट घालून घरी आली. ट्रामभर हसत होती.

घरी धम्मदीपानं चोळीच्या गाठी पाहिल्या. "कुणी बांधल्या गं? सुटतच नाहीत. थांब, कात्री आणते."

"कात्री नको," सुमती म्हणाली. पण लेक गेलीच.

दाराजवळ जिन्याखाली दिवा नव्हता. सुमती तिथेच उभी राहिली. दाराकडे पाठ, हात जरा बाजूला. ओल्या लोकरीचा वास आला.

स्वयंपाकघरात खण उघडझाप होत होते. पाठीवरची पहिली गाठ सुटली. मग दुसरी. तिसरी.

मग कुणीतरी तिच्या पुढे आलं आणि पाठ करून उभं राहिलं.

नियम म्हणजे नियम. तिनं वरून बटणं काढायला सुरुवात केली. नऊ... दहा... अकरा. हुश्श करून तिनं हात खाली सोडला.

बोटाला बारावं लागलं. हे तिनं लावलं नव्हतं.