बारावं घर

दिवाळीचा आकाशकंदील अजून गॅलरीत लटकत होता, पण चपलांच्या मांडणीत मिहूचे सँडल नव्हते. हेमांगी आतल्या खोलीत गेली. तिथला छोटा पलंग गेला होता, भिंतीवरचे कागदी मासेही. स्वयंपाकघरात सुजित ओट्याशी उभ्याउभ्याच भात खात होता. तिने हाक मारली. त्याने मान वर केली नाही.

तिने दृक्टोप डोक्यावरून ओढून काढला. पुन्हा भर दुपार, पुन्हा साताऱ्याच्या पूर्ववास केंद्राची निळसर भिंत आणि समोर केंद्राच्या प्रमुख, डॉ. नसीम बागवान.

"हेही घर नको," ती म्हणाली.

"अहो, हे अकरावं. तुमचं नाव काढलं की एजंट लोक चहा अर्धा टाकून पळतात." डॉक्टरांनी यादीवर बोट फिरवलं. "एकच उरलंय. कोडोलीचं जोडघर. ते तर तुम्ही टोप न घालताच खोडलंत."

"ते खोडलेलंच राहू दे."

साताऱ्याभोवती, वाढे फाट्यापासून कोडोलीपर्यंत, नुसती घरं उगवत होती. पुण्याला गेलेली माणसं परतत होती, आणि बँकांनी पूर्ववास सक्तीचा केला होता. वीस वर्षं राहायचं घर आधी वीस मिनिटं राहून बघायचं. घराचं ऊन, ओल, आवाज, जिने सगळं मोजलेलं असे. घेणाऱ्या कुटुंबाने महिनाभर मनगटाला देहपट्टा बांधून आपली चाल, श्वास, झोप, सवयी नोंदवलेल्या असत. दोन्ही जुळवून संगणक त्या घरातली हजार आयुष्यं मांडी, आणि त्यातलं सर्वांत संभवनीय दाखवी. फक्त मृत्यू दाखवायचा नाही, असा नियम होता. माणूस एका दिवसापासून नुसता दिसत नसे.

हा नियम फॉर्मच्या मागच्या बाजूला अगदी बारीक अक्षरात होता. हेमांगीने तो वाचला होता. ती सगळंच वाचायची. औषधाच्या बाटल्यांवरचं, खाऊच्या पुड्यांवरचं, शाळेच्या बसच्या काचेवरचंसुद्धा.

पहिल्या घरात मिहू दिसेनाशी झाली तेव्हा तिला गॅलरीचे गज विरळ वाटले. दुसऱ्यात पाण्याच्या टाकीचं झाकण. तिसरं हमरस्त्यावर होतं. ती एकेक घर खोडत गेली, आणि मधल्या काळात चार वर्षांच्या मिहूला तीन डॉक्टरांकडे नेऊन आली. "मुलगी ठणठणीत आहे," तिसरे डॉक्टर म्हणाले, "तुम्हीच जरा झोपत जा." सुजित चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची देखभाल करी, आठवड्यातले चार दिवस वरच. तो म्हणे, "घर तू बघ. तुला काळजीला कारण नाही सापडलं, तर त्याचीही तू काळजी करशील."

आज मात्र ती उठली नाही. टोप मांडीवर धरून म्हणाली, "डॉक्टर, अकराच्या अकरा घरांत माझी मुलगी राहायला गेल्यापासून चौथ्या वर्षी जाते. दिवाळीनंतर."

डॉ. बागवानांनी यादी बाजूला ठेवली. "अकराही घरांत? त्याच सुमाराला?"

"मजले वेगळे, रस्ते वेगळे. मी कुठं कमी पडते? कुठं लक्ष नसतं माझं?"

"घर बदलूनही जे बदलत नाही, त्याचं कारण घरात नसतं. ते राहणाऱ्यांत असतं."

"म्हणजे मिहूच्याच अंगात काही..."

"थांबा. नंतर तुमचे मिस्टर काय करतात?"

"घरी येतात, कुकर लावतात. माझ्याशी बोलत नाहीत. दोष देत असतील मला. बरोबरच आहे त्यांचं."

"अकरा घरांत एकदाही बोलत नाहीत?"

"नाही."

"आणि त्याआधी मिहू तुमच्याकडे बघते?"

"सारखी. आई हे बघ, आई ते बघ. जीव खाते."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हेमांगीताई, या सगळ्यात तुम्ही स्वतःला शोधलंत का?"

"मला कशाला? मी तर बघत होते."

"पूर्ववासात पाहणाऱ्याची आकृती आम्ही काढून टाकतो. आपणच आपल्यासमोर फिरताना दिसलो की लोक घाबरतात. त्यामुळे पाहणारा म्हणजे नुसती नजर. पाहणारा माणूस त्या आयुष्यात असेपर्यंत घरचे त्या नजरेशी बोलतात, तिच्याकडे बघतात. तो नसला तरी नजर उरते, कारण टोप डोक्यावर असतो. सुजितनी तुम्हाला दोष दिला नाही. स्वयंपाकघरात तुम्ही नव्हताच."

बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती तिसऱ्या किकला सुरू झाली.

"म्हणजे मिहू आहे?" हेमांगीने विचारलं.

डॉक्टरांनी पडद्यावर नोंदी उघडल्या, वाचल्या, पुन्हा वाचल्या. "आहे. कराडला, तुमच्या आईकडे. वडील चार दिवस पठारावर, घरात दुसरं कोणी नाही. मूल कुठं ठेवणार?"

"नक्की आहे ना?"

"वीस वर्षं पुरी आहे. कॉलेजही पुरं करते."

हेमांगीने समोरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि एका दमात संपवला. मग ती हसली, आणि हसताना तिला धाप लागली. ही धाप गेल्या पावसाळ्यापासून होती. मिहूला कडेवर घेऊन जिने चढल्यामुळे लागते, असं तिने ठरवून टाकलं होतं. तीन डॉक्टरांकडे गेली तेव्हा मिहूचं वजन, मिहूची छाती, मिहूचे दात, सगळं विचारलं. आपली धाप सांगायचं राहूनच गेलं होतं.

पुण्याच्या डॉक्टरांनी पंधरा दिवसांत निदान केलं. फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या अरुंद होत चालल्या होत्या. "गोळ्यांनी आहे त्या आयुष्यात काही महिने वाढतील," ते म्हणाले. "वर्षांचं मी बोलत नाही." सुजित त्या दिवशी पठारावरून आला आणि डोक्यावरचं कामाचं हेल्मेट न काढताच पायरीवर बसून राहिला. मिहू त्याच्या हेल्मेटवर टकटक करत होती. "पप्पा, आत कोण आहे?"

पुढच्याच आठवड्यात हेमांगी केंद्रात परत आली.

"पाहणारी बदला," ती म्हणाली. "मिहूची नजर लावा."

"आईला मुलाची नजर आम्ही देत नाही."

"फॉर्मवर तसं कुठं लिहिलंय? मी दोन्ही बाजू वाचल्यात."

डॉ. बागवानांनी एक श्वास सोडला आणि टोप पुढे केला. "तुमच्या पट्ट्याच्या ताज्या नोंदी घालू?"

"घाला. गोळ्याही."

गोळ्यांनी दिवाळी पुढे सरकून होळी झाली, एवढंच. बाकी अकरा घरांनी तेच दाखवलं, आता कमरेच्या उंचीवरून. होळीनंतर आठ वर्षांच्या मिहूची एक सुटकेस, कराडचा एसटी स्टँड, आजीचा पदर. मग मे महिन्याच्या सुट्टीत मिहू सातारच्या घरी येई. अकराव्या घरात ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "पप्पा, ग्लास कुठं ठेवलेत?"

हेमांगीने टोप काढला. स्वतःच्या घरात मुलीला ग्लास कुठं असतात ते विचारावं लागत होतं.

"कोडोलीचं लावा," ती म्हणाली.

त्या जोडघराचा दुसरा अर्धा भाग सुजितच्या थोरल्या भावाचा होता. तिथं सुवर्णावहिनी राहत. मिहूच्या बारशाला त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "एवढं भ्यायचं होतं तर मूल कशाला जन्माला घातलंस?" त्या दिवसापासून दोघी जावांचं बोलणं बंद होतं.

होळी झाली. चपलांच्या मांडणीत सँडल होते.

मिहू शाळेतून आली, दप्तर टाकून फाटकाबाहेर गेली, रस्त्याने वळसा घालून शेजारच्या फाटकात शिरली. "चप्पल बाहेर! हात धू आधी!" आतून वहिनींचा आवाज आला. ताटात गरम भाकरी होती. सुजित पठारावरून आला की मिहू आपल्या घरी, नाहीतर शेजारी. पाचव्या वर्षीही, नवव्याही. पावसात ती दप्तर डोक्यावर धरून वळसा घालत धावे. ग्लास कुठं आहेत ते तिने कुणालाच विचारलं नाही.

विसार त्याच दिवशी दिला. तिथून हेमांगी थेट वहिनींच्या दारात गेली.

"बाई बाई! वाट चुकलीस?" वहिनी म्हणाल्या, पण दारातून बाजूला झाल्या.

"वहिनी, मधल्या भिंतीत एक दार काढायचंय."

"चार वर्षं माझं तोंड बघवत नव्हतं, आणि आता दार?"

हेमांगीने सगळं सांगितलं. वहिनी ऐकत होत्या. मध्येच उठून त्यांनी गॅस बंद केला, आणि परत बसल्या त्या तिच्या अगदी जवळ.

"मी तेव्हा बोलायला नको होतं," त्या म्हणाल्या.

"बोललात ते खरंच होतं."

"खरं असलं म्हणून काय झालं?"

गवंडी आला त्या सकाळी मिहू विटांच्या चुऱ्यात बोटं बुडवून हत्ती काढत होती. चौकट उभी राहिली. गवंड्याने विचारलं, "कडी कुठं घ्यायची, बाई?"

हेमांगीने भिंतीवर हात ठेवला. मिहूच्या डोक्यापेक्षा पुष्कळ वर.

"अगं, पोरीचा हात कसा पुरेल तिथं?" वहिनी म्हणाल्या. "खाली घे."

"आठ वर्षांची झाली की पुरेल," हेमांगी म्हणाली. "तोपर्यंत मी उघडून देत जाईन."