लिफ्टच्या दारावरची पाटी

"लिफ्ट बंद आहे," तो म्हणाला. पाटीवरही तेच लिहिलं होतं, पण पाटी वाचायची सोडून मी त्याच्यावरच जाऊन आदळले होते.

"कधी सुरू होणार?"

"सांगता येत नाही..." दुरुस्ती करणाराच असं म्हणाल्यावर मी जिन्याकडे वळले.

माझं काम पाचव्या मजल्यावर, दातांच्या कवळ्या बनवण्याचं. दिवसभर वाकून दुसऱ्यांचं हसू घडवायचं आणि संध्याकाळी पाठ धरून कण्हत घरी जायचं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, पण मी पक्की आरंभशूर. महागडे बूट आणले, जिमचे पैसे भरले आणि दोन्हींना विश्रांती दिली.

तिसऱ्या मजल्यावर मी कठड्याला धरून धापा टाकत होते, तेवढ्यात तो हत्यारांची पिशवी घेऊन मागून आला. "थांबूया का जरा? मलाही दम लागलाय."

त्याला काडीचाही दम लागला नव्हता. खोटारडा! पण आवडला.

संध्याकाळी मी वहिनीपुढे त्या लिफ्टच्या नावाने खडे फोडले. वहिनी दवाखान्यात नर्स आहे. तिने नुसतं "हं" केलं.

मग रोजच लिफ्ट बंद आणि जिन्यात तो. बोलता बोलता पाचवा मजला कधी यायचा, कळायचंच नाही. खरं सांगते, सकाळी मी केस दोन-दोनदा विंचरायला लागले होते.

एकदा त्याने सहज विचारलं, "पाठ काय म्हणतेय?"

मी थबकले. पाठीबद्दल मी त्याच्याजवळ चकार शब्द काढला नव्हता. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमच्या... चालण्यावरून कळतं की!"

शंकेची पाल चुकचुकली. त्यात दुपारी तिसऱ्या मजल्यावरचे वकीलकाका टोचणारी कवळी घासून घ्यायला आले.

"एवढे जिने चढून आलात, काका?"

"जिने कशाला? लिफ्ट छान चालतेय की, केव्हाची!"

पाणी नक्की कुठेतरी मुरत होतं. दुसऱ्या दिवशी मी लवकर जाऊन जिन्याखाली लपले. तो आला. चक्क लिफ्टमधून उतरला. इकडेतिकडे पाहून पिशवीतून पाटी काढली, दाराला अडकवली, केसांवरून कंगवा फिरवला आणि वाट बघत उभा राहिला.

"कोणाची वाट बघताय?"

तो दचकला. "तुमच्या वहिनींनी... त्यांच्या दवाखान्याची लिफ्टही मीच बघतो. त्या म्हणाल्या, आमच्या नणंदबाईंना काहीही करून जिने चढायला लावा."

माझी कानशिलं तापली. म्हणजे हा माझ्याशी बोलत नव्हता, मला औषध पाजत होता! आणि मी वेडी जीव लावून बसले होते. पाटी काढून त्याच्या हातात कोंबली, लिफ्टमध्ये शिरले आणि जाळीचं दार खाडकन ओढलं.

आमचा जिना लिफ्टच्या भोवतीनेच वळत जातो. पहिल्या मजल्यावर जाळीतून तो दिसला, धावत येताना. "ऐका तरी!"

दुसऱ्या मजल्यावर — "वहिनींनी आठवडाभरच सांगितलं होतं!"

तिसऱ्यावर — "नंतरचं सगळं... माझं मी!"

चौथ्यावर तो दिसलाच नाही. मी लिफ्ट थांबवून खाली धावले. तो अर्ध्या जिन्यात बसला होता, घामाने निथळत.

"आज तरी खरा दम लागलाय का?"

"आज... खरा."

"सरळ बोलायचं होतं ना. पाटी कशाला लावत राहिलात?"

"लिफ्ट सुरू झाली म्हटलं असतं, तर तुम्ही जिन्याने कशाला आला असता?"

मी त्याचा चेहरा नीट न्याहाळला. आणखी एखादी थाप दडली असेल, म्हणून. सापडली नाही. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले. धावत आले होते, तरी माझा श्वास अगदी शांत होता.

"मग... उद्या?" त्याने भीत भीत विचारलं. "लिफ्ट सुरू असेल."

"असू दे. तुम्ही नसलात तरी मी जिन्यानेच येईन," मी म्हणाले. "...पण तुम्ही असा ना."