करकोचा दिसेपर्यंत

यासेनची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा त्याचा एकच पाय माझ्या घरात होता.

फेब्रुवारीतली दुपार. मी घेवड्याचं सूप ढवळत होते, वर काहीतरी कडकडलं, आणि छतातून मातीचा ढीग, दोन कौलं आणि बूट घातलेला एक पाय खाली आला. पाय थोडा हलला. मग वरून आवाज आला, अगदी शांत.

"योर्दा मावशी, तुमची फळी कुजलीय."

"योर्दा मावशी शेजारच्या घरात राहतात," मी खालून म्हणाले.

पाय हलायचा थांबला.

"मग तुम्ही कोण?"

"जिचं सूप गेलं ती."

शिडीवरून खाली आला तेव्हा त्याच्या केसांत माती होती आणि कान लालबुंद झाले होते. बाहेरगावची छपरांची कामं संपवून कालच गावात परतलोय, चुकीच्या छपरावर चढलो, असं तो म्हणाला. मग ते छप्पर त्यानं फुकटात नीट करून दिलं. कामाला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी तो शिडी घेऊन का आला हे मी विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही.

मी ऊना. मूळची आयर्लंडमधल्या गॉलवेची, पण खंडाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या या गावात माझा तो दुसरा हिवाळा होता. माझं काम कंप्युटरवरचं, कुठेही बसून होणारं. गावात जेमतेम ऐंशी माणसं. त्यांची भाषा मला योर्दा मावशीनं शिकवली; तिनं सुरुवात शिव्यांपासून केली, त्यामुळे दुकानात माझं स्वागत नेहमी हसण्यानं व्हायचं. यासेनला त्याची फार मजा वाटायची. तो मला रविवारी भटकायला न्यायचा. टेकडीवरच्या झऱ्यावर, जुन्या खाणीपाशी, एकदा तर नुसतं एका माणसाचं गाढव बघायला. येताना चौकात दुकानासमोरच्या बाकावर बसून आम्ही कॉफी प्यायचो, आणि येणारा-जाणारा आमच्याकडे टक लावून बघायचा. त्याला त्याचं काही वाटत नसे. उलट तो पाय पसरून बसायचा.

एक मार्चला त्यानं माझ्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधला. त्या दिवशी सगळेच सगळ्यांना बांधतात. यासेननं तर योर्दा मावशीला, तिच्या बकरीला आणि दुकानाच्या दारालाही बांधला होता, त्यामुळे मी हुरळून जायचं काही कारण नव्हतं. तरी गाठ मारायला त्याला बराच वेळ लागला, हे मी पाहिलं. मीही त्याच्या मनगटाला एक बांधला.

"हा काढायचा कधी?" मी विचारलं.

"वसंतात परत येणारा पहिला करकोचा दिसला की. मग दोरा चौकातल्या आलुबुखाराच्या झाडाला बांधायचा."

आदल्याच संध्याकाळी रोशीनचा, माझ्या बहिणीचा फोन आला होता. तिनं गॉलवेत कॉफीचं दुकान काढलं होतं. तू ये, निम्मं तुझं, पण ईस्टरपर्यंत कळव, नाहीतर मी दुसरं कुणीतरी बघते, असं तिनं बजावलं होतं. मी ते यासेनला सांगितलं. मला वाटलं, तो काहीतरी म्हणेल... जाऊ नकोस म्हणेल. तो दोऱ्याची टोकं सारखी करत राहिला. मग मीच रागारागानं, वर हसत म्हणाले, "बरं झालं. करकोचा दिसला की मी तिकीट काढणार."

"बरं," तो म्हणाला. नुसतं बरं!

त्यानंतर त्याचं काय बिनसलं ते मला कळेना. मार्चचा तिसरा आठवडा लागला आणि आमचं चौकात जाणं एकदम बंद झालं. भटकायला नेणार, पण परतताना स्मशानाकडच्या मागच्या वाटेनं, चिखल तुडवत. बाकावरची कॉफी संपली. एके दिवशी मी दुकानात पाव आणायला निघाले, तर तो फाटकातच उभा, हातात पाव. मग रोजच आणायला लागला. मी म्हणायची, अरे, मला पाय आहेत. तो म्हणायचा, असू देत.

म्हणजे काळजीही घेत होता आणि लपवतही होता. परदेशी बाई बरोबर दिसली तर गाव नावं ठेवतं, असं त्याला कुणी सांगितलं की काय? एकदा तो वाचनालयाच्या छपरावर कौलं परतत होता. मी चौकाच्या कडेला उभी राहून हाक मारली, तर पठ्ठ्यानं चौकाकडे पाठ फिरवली आणि पलीकडे तोंड करून काम करत राहिला. मला रडूच आलं.

आणि मी तरी कुठे सरळ होते? चोवीस मार्चला, माळ्यावरच्या खिडकीतून, मी करकोचा पाहिला होता. दुकानासमोरच्या विजेच्या खांबावर, जुन्या घरट्यात उभा राहून चोच वाजवत होता. मी खिडकी लावून घेतली आणि दोरा तसाच ठेवला. कुणाला बोलले नाही. गावातले सगळे दोरे मनगटांवरून उतरले, उरले फक्त दोन. त्याचा का उरलाय, हे मला समजेना. दिवसभर छपरांवर असणाऱ्या माणसाला करकोचा दिसला नाही?

योर्दा मावशीला विचारलं, तर तिनं चीज भरलेल्या बनित्साचा घास तोंडात कोंबला आणि म्हणाली, "पोरी, मला विचारू नकोस. मी पैज लावलीय."

ईस्टरच्या आदल्या गुरुवारी आम्ही रानलसूण खुडून परत येत होतो. रोशीनचा सकाळीच पुन्हा फोन येऊन गेला होता. फाट्यावर यासेन सवयीनं स्मशानाच्या वाटेला वळला. मी थांबले.

"मी चौकातून जाणार. तुला माझी लाज वाटत असेल तर तू जा मागून."

"लाज?" तो बघतच राहिला. "लाज कसली? चौकात करकोचा आहे ना."

"असू दे की. महिना होत आला त्याला येऊन."

बोलून गेले, आणि मग मी काय बोलले ते मला ऐकू आलं. त्याची नजर माझ्या मनगटावर गेली. मी बाही खाली ओढली... उशिरा.

"तू पाहिलास," तो म्हणाला.

"चोवीस मार्चला."

"आणि दोरा?"

"राहू दिला. तू नाही पाहिलास?"

"चोच ऐकतो रोज. वर बघत नाही. बघितला तर दोरा काढावा लागणार, आणि माझा निघालेला पाहून तुला कळणार." त्यानं लसणाची पिशवी खाली ठेवली. "तू जाऊ नयेस, असं वाटत होतं मला. दीड महिना ते तोंडातून निघेना, म्हणून पाव आणत बसलो."

करकोचा रोज अख्ख्या गावावर घिरट्या घालत होता, आणि हा माणूस मला फक्त एका खांबापासून लपवत होता! मला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. मी त्याच्यावर प्रेम करत होते, बहुतेक पहिल्या दिवसापासून, तो बूट वर लटकत होता तेव्हापासून. तसं मी त्याला सांगून टाकलं. बुटासकट. त्याचे कान पुन्हा लाल झाले.

आम्ही चौकातून गेलो. बाकावर योर्दा मावशी आणि दुकानदार बसले होते. आम्हाला बघून दुकानदारानं मुकाट्यानं आत जाऊन राकिया दारूची बाटली आणली आणि मावशीच्या हातात दिली. ईस्टरच्या आत आमचं जुळणार, यावर तिनं पैज लावली होती.

यासेन खांबाखाली उभा राहिला आणि त्यानं मान वर केली. बराच वेळ तो तसाच उभा होता.

"दोन आहेत," तो म्हणाला.

आम्ही एकमेकांचे दोरे सोडले. माझी गाठ सुटेना, इतकी घट्ट मारली होती. आलुबुखाराचा मोहर एव्हाना गळून गेला होता आणि खालच्या फांद्या गावभरच्या दोऱ्यांनी भरल्या होत्या, तेव्हा आमचे त्यानं वरच्या फांदीवर बांधले, जिथे फक्त त्याचाच हात पोचतो.

घरी येऊन मी रोशीनला फोन केला. दुकानात दुसरं कुणी बघ, म्हणाले. मग भेटायला तरी कधी येतेस, असं तिनं विचारलं.

"ऑगस्टमध्ये. करकोचे जातात तेव्हा, पंधरा दिवस. आम्ही दोघं."

"दोघं? दुसरा कोण?"

"अगं, ज्याचा पाय छतातून खाली आला होता तो."