भरलेल्या बाटल्या

कामगिरी सांगायला अगदी सोपी होती. चांगलं उजाडल्यावर छावणीतून निघायचं, समोरचं जंगल पार करायचं, त्यामागचा डोंगर चढायचा आणि सूर्य मावळायच्या आत खिंडीत रोवलेल्या पिवळ्या निशाणाला हात लावायचा. चौघांनी मिळून. तिघे पोचले आणि एक मागे राहिला, तर कोणीच पोचलं नाही असं धरणार. निशाणाला हात लागला की भरती झाल्यापासूनची सगळी रगडपट्टी संपली, मग शपथेची परेड, आणि मग माणूस शिपाई!

चौघांची नावं कवायत शिकवणाऱ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकली होती. आईबापांनी हौसेने ठेवलेली नावं त्या दिवशी साध्या कपड्यांबरोबर पेटीत गेली. आडदांड अंगाचा आणि लहान मुलासारख्या हसण्याचा तो पैलवान. भरतीआधी शिकवणीचे वर्ग घ्यायचा आणि अजूनही बोलताना बोट वर करायचा तो मास्तर. सगळ्या बराकीची बटणं लावून देणारा तो शिंपी. त्याचं घराणंच शिवणकामातलं. आणि चौथा जुन्या.

हे नाव का पडलं, ते आपल्याला कोणी विचारू नये असं जुन्याला वाटायचं. तो आधीच्या तुकडीतला. ती तुकडी शपथ घेऊन केव्हाच निघून गेली होती. धावताना याच्या नडगीचं हाड चिरलं आणि याला मागे टाकलं. बरा होईपर्यंत घरी पाठवलं, तेव्हा आईने शेजारणींना सांगितलं, सुट्टीवर आलाय. वडील ट्रक चालवायचे. त्यांनी लंगडणाऱ्या पोराकडे बघून एवढंच विचारलं, "परत घेतील ना?" त्या प्रश्नाने जुन्याच्या काळजात जे रुतलं ते निघालंच नव्हतं. इथला नियम त्याला पाठ होता: माणसाला एकदा मागे टाकतात, दुसऱ्यांदा थेट घरी पाठवतात.

म्हणून सगळं पुन्हा पहिल्यापासून सोसलं. डोक्याचा चकोट, घास गिळायच्या आत उठवणारी शिट्टी, एकाची चादर चुरगळली म्हणून सगळ्यांनी बंदूक डोक्यावर धरून मैदानाला मारलेल्या फेऱ्या. नव्यांना वाटायचं, उस्तादांना आपला राग आहे. जुन्याला माहीत होतं की उस्तादांना कोणाचाच राग नाही. त्यांना फक्त एकाच वेळी उचलले जाणारे पाय हवे असतात.

आणि पाण्याचा नियम. कूच करताना कमरेची बाटली हुकमाशिवाय उघडायची नाही. सुरुवातीला एका चढावर पैलवानाला राहवलं नाही आणि त्याने गुपचूप चार घोट घेतले. उस्तादांनी ओरडाआरडा केला नाही. सगळ्या तुकडीला बाटल्या उलट्या करायला लावल्या. भर उन्हात पाणी मातीत गेलं आणि परतताना कोणी पैलवानाशी बोललं नाही. त्या रात्री तो उशीत तोंड खुपसून रडला होता. पुढे उस्तादांनी "पाणी" म्हटलं तरी तो आधी इतरांकडे बघायचा आणि मगच झाकण फिरवायचा.

आज सकाळी फाटकाशी उस्तादांनी नकाशा जुन्याच्या हातात दिला.

"आजचा म्होरक्या तू. मी बरोबर नाही, डॉक्टरबाईंसोबत खिंडीत असेन. हे तिघे तुझं ऐकतील. चालणं, थांबणं, खाणं, पिणं, सगळं तुझ्या तोंडून." मग त्यांनी एक छोटा डबा त्याच्या पिशवीत टाकला. "कोणाच्या जिवावर बेतलं तर याची कडी ओढायची. लाल धूर दिसला की आम्ही येतो. पण धूर निघाला की तुमची कामगिरी तिथेच संपली. समजलं?"

"समजलं, उस्ताद."

जंगलात शिरेपर्यंत पैलवानाची टकळी चालू होती. शपथेच्या दिवशी आई येणार, तिला पुढच्या रांगेत जागा मिळेल का, ती रडली तर परेडमधून वळून बघता येईल का.

"बघ तू वळून," शिंपी म्हणाला. "उस्ताद तुला आईसकट मैदानाला फेऱ्या मारायला लावतील."

सगळे हसले. जुन्याही हसला, पण त्याचा डोळा नकाशावर आणि मन खिंडीत होतं. झाडी दाट होत गेली, तसा वारा पडला. पानांच्या खालची हवा झाकण ठेवलेल्या पातेल्यासारखी कोंदट झाली. काटेरी वेलींनी बाह्या ओढल्या, पिशव्यांचे पट्टे खांद्यात रुतले. तरी पाय एका ठेक्यात पडत होते, आणि जुन्याला पहिल्यांदाच वाटलं की या खेपेला जमणार.

मग वाट संपली. नकाशावर ती डोंगराच्या कडेने सरळ गेली होती. डोळ्यांसमोर मात्र कोसळलेल्या दरडीने तिचा घास घेतला होता. ओल्या लाल मातीचा उतार थेट घळीत उतरत होता आणि खूप खाली कुठेतरी ओढ्याचा आवाज येत होता.

"थांबा इथेच," जुन्या म्हणाला. "मी पुढे जाऊन बघतो."

तो एकटाच दगडांना धरून वर चढला. घसरला, सावरला, पुन्हा चढला. वरच्या अंगाला बोडक्या कातळावरून एक अरुंद वाट निघत होती. लांबची होती, सगळी उन्हातली होती, पण होती! त्याने सुटकेचा श्वास टाकला, बाटली काढली आणि घटाघट पाणी प्यायला. हुकूम विचारायला वर कोणी नव्हतं. आज हुकूम त्याचाच होता. तोंड पुसून तो खाली उतरला, तेव्हा त्याच्या डोक्यात फक्त वेळ होता.

"वाट सापडली. पण लांबून आहे. चला, पाय उचला."

तिघांनी पिशव्या पाठीवर टाकल्या. कोणी काही विचारलं नाही. न विचारणं तर इथे सगळ्यात आधी शिकवतात.

कातळ तापला होता. वरून ऊन, खालून ऊन. दोरी बांधून एकेकाने एक फट ओलांडली. मास्तरचा पाय सटकला, दोरी ताणली गेली, पैलवानाने दात-ओठ खात त्याला एकट्याने वर ओढला! मास्तर त्याच्या पाठीवर थाप मारायला गेला, तर पैलवान त्याच्याकडे नुसता बघत राहिला.

"दादा, घर आलं का?" पैलवान म्हणाला.

मास्तर हसला. थट्टाच वाटली त्याला. जुन्यानेही ते ऐकलं होतं, पण त्याला समोर, शेवटच्या चढणीच्या माथ्यावर, काहीतरी पिवळं फडफडताना दिसलं होतं.

"दिसलं का निशाण? ही एवढीच चढण!"

तो झपाझप पुढे निघाला. मागे धप्पकन आवाज झाला.

पैलवान तोंडावर पडला होता. जुन्या धावत आला आणि त्याने त्याला उताणा केला. चेहरा लालभडक, डोळे अर्धवट उघडे, ओठांना भेगा. कपाळाला हात लावला तर चटका बसला. जुन्याने त्याच्या कमरेची बाटली ओढली. ती जड होती. त्याने झाकण उघडलं. बाटली काठोकाठ भरलेली होती.

"हा प्यायलाच नाही?" त्याने विचारलं. "सकाळपासून?"

शिंप्याने स्वतःची बाटली हलवून दाखवली. तीही भरलेली.

"तू सांगितलंच नाहीस," तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच जुन्याला सहन झालं नाही.

आपण वर उभं राहून घटाघट प्यायलो. आपली तहान भागली आणि आपल्याला वाटलं सगळ्यांची भागली. शरमेने त्याला वाटलं, जमिनीने आता पोटात घ्यावं. पण शरमेला वेळ नव्हता.

"प्या. आधी तुम्ही दोघे प्या. उरलेलं याच्या अंगावर ओता. शर्ट काढा त्याचा, बूट काढा!"

शिंपी पैलवानाच्या तोंडात पाणी घालायला गेला. जुन्याने त्याचा हात धरला. "तोंडात नको, श्वासनळीत जाईल." बाटल्या रिकाम्या झाल्या. कातळाने पाणी बघता बघता पिऊन टाकलं आणि पैलवानाचं अंग तसंच धगधगत राहिलं. आता त्याला अधूनमधून झटके येत होते.

मास्तर उठला. "खिंडीत डॉक्टरबाई बसल्यात. उचलू याला. माथा समोर आहे. डॉक्टरबाई पण मिळतील आणि चौघांचा हात निशाणाला पण लागेल."

बोलणं बिनतोड होतं. जुन्याने माथ्याकडे पाहिलं. पिवळं निशाण आता स्पष्ट दिसत होतं. एवढ्या जड गड्याला घेऊन या उन्हात चढायचं, म्हणजे दिसतं तेवढं जवळ नव्हतंच. प्रथमोपचाराच्या तासाला याच डॉक्टरबाईंनी टेबलावर हात आपटून सांगितलं होतं: उन्हाने पडलेला माणूस आधी गार करा, मग न्यायचा तिथे न्या. सगळे तेव्हा पेंगत होते. खाली ओढा वाजत होता. खाली पाणी होतं. वर त्याची नोकरी होती, आईने शेजारणींना सांगायची गोष्ट होती, वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर होतं. जुन्याला ते सगळं हवं होतं. इतकं हवं होतं की क्षणभर त्याला मास्तरचं म्हणणं पटलं सुद्धा.

"खाली," तो म्हणाला. "ओढ्यावर."

"खाली गेलो तर संपलं सगळं," मास्तर म्हणाला. "आम्हाला मागे टाकतील. तुला तर घरी पाठवतील, जुन्या."

"माहीत आहे. दोरी आण."

पिशवीतल्या ताडपत्रीत पैलवानाला गुंडाळलं. शिंप्याने दोरीचे वेढे घालून गाठी मारल्या. जुन्याने दोरी कमरेभोवती घेऊन कातळाच्या कडेला एका झाडाच्या बुंध्याला पाय रोवले. दोघे ओझ्याबरोबर उतरू लागले. माती निसटली. दगड सुटला! "डोकं वाचव!" दगड मास्तरच्या खांद्याला घासून घळीत गेला. ओझ्याला हिसका बसला. दोरी सर्रकन सुटली आणि जुन्याच्या तळव्यांची सालं काढत गेली. त्याने सोडली नाही. किंचाळला, पण सोडली नाही! दोरी थांबली. पुन्हा हळूहळू. झाड बदललं, पाय रोवले, पुन्हा सोडली. हात रक्ताने निसरडे झाले, तेव्हा त्याने दोरी कोपरात अडकवली.

शेवटी थंड पाण्याचा स्पर्श झाला. तिघांनी पैलवानाला गळ्यापर्यंत ओढ्यात धरलं, डोकं मास्तरच्या मांडीवर. शिंपी टोपीने त्याच्या माथ्यावर पाणी ओतत राहिला. जुन्या काठावरच्या मोकळ्या खडकावर चढला. डबा हातात घेतला आणि एकदा वर बघितलं. इथून निशाण दिसत नव्हतं. बरं झालं, असं त्याला वाटलं. त्याने कडी ओढली.

लाल धूर घळीतून वर चढला.

उस्ताद आणि डॉक्टरबाई दगडांवरून उड्या मारत आले, तोवर पैलवान कण्हायला लागला होता. डॉक्टरबाईंनी त्याची नाडी धरली, डोळे पाहिले, सुई टोचली. "असंच पाण्यात राहू दे अजून," त्या म्हणाल्या. "वर घेऊन आला असतात तर माझ्या हातात काही राहिलं नसतं."

उस्तादांनी विचारलं, "पाणी कोणी सांगायचं होतं?"

"मी, उस्ताद. विसरलो."

उस्ताद काठावरच्या दगडावर टेकले. तो दरारा असलेला माणूस एकदम थकलेला दिसला.

"नियम मी घालून दिला होता," ते हळूच म्हणाले. "तहान लागली की माणसाने प्यावं, एवढं सुद्धा मी यांच्यातून काढून टाकलं. साहेबांना मी सांगेन तसं. पण धूर तू सोडलास, पोरा. पुढचं माझ्या हातात नाही."

साहेबांनी ऐकून घेतलं आणि नियम वाचून दाखवला. मास्तर, शिंपी आणि बरा झाला की पैलवान, पुढच्या तुकडीत. जुन्या घरी.

निघायच्या दिवशी तो साध्या कपड्यांत, हातांना पट्ट्या बांधलेला, छावणीच्या दवाखान्यात गेला. पैलवान झोपला होता. उशाशी त्याची आई बसली होती, मुलासारखीच रुंद बांध्याची. जुन्याला बघताच ती उठली आणि तिने त्याचे पट्टीतले हात स्वतःच्या हातांत घेतले.

"तूच ना रे तो? तुझ्या सोबत्यांनी सगळं सांगितलं मला. नोकरीवर पाणी सोडलंस तू माझ्या लेकासाठी. कुणाचा कोण, आणि देवासारखा धावलास."

बाहेर त्याला न्यायला छावणीचा ट्रक उभा होता. मान हलवून निघून जाता आलं असतं, आणि या बाईने जन्मभर त्याचं नाव काढलं असतं.

"मावशी," तो म्हणाला, "तो माझ्यामुळेच पडला. पाणी प्यायला मीच सांगायचं होतं. मी सांगितलं नाही."

तिची पकड सैल झाली. तिने हात काढून घेतले नाहीत, पण ते आता धरलेले नव्हते.

"तू प्यायला होतास?" तिने विचारलं.

हा प्रश्न साहेबांनी विचारला नव्हता.

"हो," जुन्या म्हणाला.

ती खाली बसली. लेकाच्या पांघरुणाची कड नीट करत राहिली, नीटच असलेली कड पुन्हा पुन्हा. बाहेर ट्रकचा भोंगा वाजला.

"मला सांगून काय उपयोग," ती शेवटी म्हणाली. "उठला की त्याला सांग. बस तिथे."

जुन्या बसला. भोंगा पुन्हा वाजला, मग इंजिनाचा आवाज फाटकाच्या दिशेने लांब गेला. तो उठला नाही. बऱ्याच वेळाने पैलवानाने डोळे उघडले, त्याला ओळखलं आणि ते लहान मुलासारखं हसू हसला. जुन्याने खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि सांगायला सुरुवात केली.