पेट्यांच्या तोंडाशी लागलेलं विष

एकाही मधपेटीतून गुणगुण येत नव्हती. दारांशी मेलेल्या माश्यांचा सडा पडला होता आणि मधपाळ कुंपणाशी कुदळ उगारून उभा होता.

"बाई, या बागवाल्यानंच फवारलं! आज याला सोडत नाही मी."

तपासाला आलेल्या अधिकारी बाईंनी पिशवी टेकवली. "आधी कुदळ ठेवा. माझी कंबर आधीच गेलीय, त्यात आणखी पंचनामा नको."

कुंपणापलीकडे बागवाला घामाघूम झाला होता. "फवारलं, पण वारा उलटा होता."

"औषध कुठे ठेवता?"

"पंपाच्या खोलीत. तिला कुलूप नसतं, हे यांच्या घरीही ठाऊक आहे. आणि मी तर माशी दिसली की पळतो, बाई!"

बाईंनी पट्टी काढली. केसाहून कितीतरी बारीक तंतूंची, पांढरीशुभ्र. कीटकनाशकाचा कण लागला तरी ती जांभळी होई. झाकणावर फिरवली. पांढरीच. कुंपणाच्या तारेवर, पांढरीच. पेटीच्या तोंडाशी मात्र गर्द जांभळी.

मधपाळाची लेक पाणी घेऊन आली. नाकावरचा चष्मा तिनं वर ढकलला.

"काल इथे कोण होतं?"

"मी एकटीच. बाबा दवाखान्यात होते. माशी चावली, घसा सुजला, श्वासच अडकला."

"धंदा म्हटला की माशी चावायचीच," मधपाळ गुरगुरला.

"आज पेट्यांना हात लावलास?"

"नाही. बाबा कुणाला जवळच येऊ देत नाहीत." चष्मा पुन्हा वर गेला.

"जरा दे बघू तो."

चष्म्याच्या काडीवरून फिरलेली पट्टी जांभळी झाली.

बाई उलट्या घमेल्यावर बसल्या. "वाऱ्यानं आलं असतं, तर झाकणं आणि तारा सुटल्या नसत्या. विष फक्त तोंडाशी आहे, म्हणजे हातानं लावलंय. तेही अंधार पडताना, माश्या आत गेल्यावर; दिवसा त्यांनी हात लावूच दिला नसता. ही वेळ माश्यांतल्या माणसालाच कळते. बागवाला माश्यांना भितो, तुम्ही दवाखान्यात. पोरी, हात धुतलेस, चष्मा राहिला."

लेकीनं मान खाली घातली. "डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी दवाखाना गाठणं होणार नाही. हा धंदा सोडा म्हणून किती विनवलं, बाबा. तुम्ही हसण्यावारी नेलंत."

"आणि या बागवाल्या काकांवर आळ आला, तेव्हा?" बाईंनी विचारलं.

"तोंडच उघडेना."

बाईंनी डोळे चोळले. अशा वेळी गुन्हेगार सापडल्याचं समाधान त्यांना कधीच वाटत नसे. "तक्रार तुमची आहे. काय करायचं?"

मधपाळ पेट्यांकडे बघत राहिला. मग कुंपणाशी जाऊन त्यानं बागवाल्यापुढे हात जोडले. परत आला तो पाय ओढत.

"तक्रार नाही, बाई."

लेकीसमोर तो थांबला. वयापेक्षा दहा वर्षांनी म्हातारा दिसत होता.

"कालपासून काही खाल्लंस का?"