पडद्यावरची पाठ

भिंतीएवढा काळा फळा, खडूंचं खोकं, ओलं फडकं आणि तिकाटण्यावरचा कॅमेरा, एवढ्या भांडवलावर या भावाबहिणीने माणूस चालवायला घेतला होता. खडूचा माणूस. ढेरपोट्या, डोक्यावर टोपी. वाऱ्याने टोपी उडणार आणि हा तिच्यामागे धावणार, एवढीच गोष्ट. पण धावायचं म्हणजे धाकट्याने फळ्यावरचा पाय पुसायचा, केसभर पुढे काढायचा आणि बाजूला व्हायचं. मग ताईने कॅमेऱ्याचं हँडल एकदा फिरवायचं. एक चित्र झालं. की पुन्हा पाय पुसायचा. सकाळपासून राबलं तर संध्याकाळपर्यंत ढेरपोट्या जेमतेम रस्ता ओलांडे. त्या काळी जगात ठिकठिकाणी असली दहा-पाच डोकी होती, आणि प्रत्येकाची ठाम समजूत होती की हे वेड पहिल्यांदा आपल्यालाच लागलं.

आई गेली तेव्हा धाकटा रांगत होता. ताईनेच त्याला वाढवलं. त्याच्यापायी तिने चांगली स्थळं सोडली असं शेजारी म्हणत. ती म्हणे, स्थळंच मला बघून पळाली. फोटोच्या दुकानात राबून तिने कॅमेरा मिळवला होता आणि डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं मानायची तिची रीत होती. भाऊ नेमका उलटा. नखशिखान्त खडूने माखलेला आणि तोंडाला विश्रांती नाही. गल्ली त्याला खडूशेठ म्हणे.

चूक ताईच्या हातून झाली. धाकटा फडकं घेऊन फळ्यापाशी असतानाच तिला सणसणीत शिंक आली आणि हँडल फिरलं. ढेरपोट्याच्या शेजारी भावाची पाठ चित्रात आली. ती तेवढं चित्र कापून टाकायला निघाली, तर हा हसत सुटला. एवढा मरमर मरतो, निदान पाठ तरी दिसू दे की लोकांना, म्हणाला. डोळ्याचं पातं लवेपर्यंत निघून जाईल.

आणि गेलीही. तंबू ठोकून सिनेमा दाखवणाऱ्या तंबूवाल्याने दुपारच्या खेळात फिल्म लावली. पडद्यावर काहीतरी लवलं न लवलं, लोक टोपीला हसत राहिले.

पुढच्या आठवड्यात ताईला वाटलं, पाठ जरा रेंगाळली. तिने रीळ घरी आणून भिंगाखाली धरलं. चित्र एकच होतं. पण त्यानंतरच्या खेळाला पाठ चांगली श्वासभर उभी राहिली, आणि ढेरपोट्या टोपी हातात धरून तिच्यापाशी थांबला. त्याला असं थांबलेलं कुणी काढलंच नव्हतं.

विचारायला म्हणून ती शेजारी वळली. धाकटा पडद्याकडे बघत होता, तोंड हसता हसता अर्धवट उघडं राहिलेलं. तिने चिमटा काढला. हू नाही की चू नाही. हात तंबूच्या खांबासारखा गार. पडद्यावरून पाठ गेली, आणि याचं राहिलेलं हसू पुढे सुरू झालं.

“कुठे होतास रे?”

“इथेच की. का गं?”

तेव्हापासून तिचं कशात लक्ष लागेना. उठे, बसे, घासलेली भांडी पुन्हा घाशी. घरी भाऊ धडधाकट होता, बडबड तशीच. पण दर खेळाला पडद्यावरची पाठ थोडी वळत होती. आधी कान दिसला, मग गाल. एके दुपारी पडद्यावरच्या भावाने ढेरपोट्याची टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर घातली आणि दोघं मिळून धावत सुटले. तंबूत शिट्ट्यांचा पाऊस पडला. ताई पडद्याकडे बघतच नव्हती. ती अंधारात भावाच्या मनगटावर नाडी शोधत होती. ती लागत नव्हती.

तंबूवाला खुशीत होता. खडूचा माणूस आणि खरा माणूस असे एकत्र कसे पळवलेत, म्हणून त्याने ताईला खोदून खोदून विचारलं.

“शिंकून,” ताई म्हणाली.

तो पोट धरून हसला आणि रविवारपासून खेळ वाढवणार असल्याचं सांगून गेला. फिल्म त्याने विकत घेतलेली, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. पण तुटलेली फिल्म जोडायचं काम ताईकडेच असे. जोड ढिला झालाय अशी थाप मारून रविवारी सकाळीच तिने रीळ घरी आणलं. कापायचं तर आत्ताच: रीळ थांबलेलं, लख्ख उजेड, आणि भाऊ सगळाच्या सगळा समोर बसलेला.

तो चहात पाव बुडवत होता. तिच्या हातातली कात्री बघून त्याने पाव खाली ठेवला. थट्टा केली नाही.

“ताई, राहू दे ना.”

“काय आहे तिथे?”

“वारा,” म्हणाला. “टोपी उडते ना, तो. अंगाला लागतो गं.”

ताईने कापलं.

काही झालं नाही. तिने दोन्ही टोकं डिंक लावून जोडली. कापलेलं चित्र चुलीत टाकलं, ते भक्कन पेटून विझलं. धाकट्याने आणखी चहा मागितला.

दुपारच्या खेळाला पाठ आलीच नाही. जोडापाशी ढेरपोट्याला बारीकसा हिसका बसला, जोड असला की बसतोच, आणि तो एकटाच टोपीमागे धावत गेला. लोक कुरकुरले. तंबूवाल्याने कपाळाला आठ्या घातल्या. पण शेजारी भाऊ पहिल्यापासून शेवटपर्यंत हसत होता, आणि त्याचा हात गरम होता. ताईने अंधारात पोटभर रडून घेतलं.

घरी येऊन तो टेबलाशी बसला. ताई त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली, एक हात त्याच्या खांद्यावर ठेवून. तो तंबूवाल्याची नक्कल करत होता.

कप टेबलावर होता. कप ओठांशी होता.

आपलं पातं लवलं असेल, असं तिला वाटलं.

“त्याचं तोंड बघितलंस?” धाकटा म्हणाला. “पैसे परत मागायला कुणी आलं की तो आधी लिंबासारखं.”

तो स्वतःच्याच विनोदावर खदखदून हसला. मधले शब्द गेल्याचं त्याला कळलंही नाही.

ताईने डोळे ताणून धरले. त्यांतून पाणी यायला लागलं. कप ओठांशी होता. कप टेबलावर होता. खाली येताना तो दिसला नाही.

तिने खांद्यावरचा हात उचलला नाही. सदऱ्यातून ऊब लागत होती. मग तळव्याला खुर्चीचं लाकूड लागलं. मग पुन्हा खांदा.

तो बोलतच होता.

खांदा. लाकूड. खांदा.

लाकूड आता थोडं जास्त वेळ लागत होतं.