मंजुळा आणि आगीचा बंब

“आग! आग लागली!”

कुणीतरी ओरडलं आणि मंजुळाच्या हातातलं खुरपं वांग्याच्या वाफ्यात पडलं. कमरेवर भरली घागर कधी आली, पाय कुठं पळाले, तिचं तिला कळलं नाही. विहिरीपाशी धूर दिसत होता. धुरात एक परका माणूस उभा होता आणि त्याच्या हातात कडब्याची जळती पेंढी होती... मंजुळानं डोळे घट्ट मिटले आणि अख्खी घागर त्याच्या डोक्यावर रिकामी केली!

पेंढी चुर्र करून विझली. भोवतीचे दहा-बारा गडी खो-खो हसत सुटले. त्या माणसाच्या फेट्यातून पाणी निथळत होतं, मिशांवरून थेंब गळत होते. त्यानं शांतपणे डोळे पुसले.

“बाई, आग हातात होती, डोक्यात न्हाई.”

“मंग आग-आग म्हणून वरडलात कशाला?” मंजुळाचा आवाज कापत होता.

“कवायत हाय ही. आग लागल्यावर काय करायचं ते ह्या बारा जणांस्नी शिकवायलोय. अन् बघा, एकानं बी घागर उचलली न्हाई. सगळे माझ्या तोंडाकडं बघत हुभे. तुमी तेवढ्या धावलात...” तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर खळी पडत होती. “तेराव्या गड्याचं नाव लिहू का?”

गडी पुन्हा हसले. मंजुळा हसली नाही. तिनं रिकामी घागर छातीशी आवळून धरली होती, आणि ते त्याच्या नजरेतून सुटलं नाही. त्याचं हसू मावळलं.

“तुमी खरंच भ्यालात,” तो हळूच म्हणाला.

ती वळली आणि चालू लागली. पाठीवर त्याची नजर आहे, हे मात्र तिला वाफ्यापर्यंत जाणवत राहिलं.

भिणार नाही तर काय करणार बिचारी! मागच्याच चैत्रात पाटोद्याच्या बाजारगल्लीत आग लागली होती. अकरा घरं गेली. मंजुळाचा थोरला भाऊ रामहरी माती टाकून आग दाबायला माळवदावर चढला. आमच्याकडची घरं ही अशी, लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छप्पर. वरून भक्कम दिसतं, पण खालून तुळई जळाली की सगळं माळवद एकदम खाली बसतं. रामहरीसकट ते बसलं. मंजुळा गल्लीत उभी राहून बघत होती. तेव्हापासून ती चुलीत काडीसुद्धा सारत नव्हती. सकाळ-संध्याकाळ चूल पेटवायची ती तिच्या आत्यानं, वत्सलाबाईनं.

त्या आगीनंतर कचेरीतून अर्ज गेले, वरून हुकूम सुटला आणि वर्षभरानं एक हातबंब बैलगाडीवर लादून पाटोद्यात आला. चार चाकांवर तांब्याची टाकी, दोन्ही बाजूंना लांब दांडे. चार-चार गड्यांनी ते दांडे खालीवर करायचे, टाकीत घागरींनी पाणी ओतत राहायचं, की चामड्याच्या लांबलचक नळीतून पाणी सुसाट निघायचं आणि टोकाच्या पितळी तोटीतून घरावर उडायचं. बंबाबरोबर शिकवणारा आला तो हा उत्तरेश्वर. बाजारगल्लीला लागून पाणी म्हणाल तर एकच, मंजुळाच्या वडलांच्या, धुळाजी माळ्याच्या मळ्यातली विहीर. म्हणून पंधरा दिवसांची कवायत तिथंच व्हायची होती.

वत्सलाबाईनं दुसऱ्याच दिवशी त्याची सगळी चौकशी करून आणली. “मांजरसुंब्याचा हाय. आपल्यातलाच. जालन्याला कापसाच्या जिनिंगात बंबावर व्हता. अन् लगीन झालेलं न्हाई!” शेवटचं वाक्य तिनं दोनदा सांगितलं. मंजुळानं भाकरीकडे बघत मान हलवली, जणू काही ऐकलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तो मोटेपाशी येऊन उभा राहिला. ती पाटाच्या कडेला बसून पाणी वळवत होती.

“तुमची विहीर किती टिकंल?”

“कशाला पायजे?”

“बंब लई खादाड असतो. पाऊण तास चालला की तुमची अर्धी विहीर पिऊन टाकील. मंग हाती पितळ तेवढं ऱ्हाईल.”

“आमच्या विहिरीला उगवतीकडून झरा हाय. दुपारी चार मोटा कमी निघत्यात, पर ती आटायची न्हाई.” मंजुळानं मान वर केली. “अन् गड्यांच्या हाती घागरी देऊ नगा. निम्मं पाणी धोतरावर सांडत्यात. भरल्या घागरी बायांच्या रांगंतून जाऊ द्या, रिकाम्या गड्यांच्या.”

उत्तरेश्वर बघतच राहिला. “हे मला जालन्यात कुणी शिकवलं न्हाई...”

“जालन्यात बाया न्हाईत व्हय?”

“हायेत की,” तो म्हणाला, आणि थोडा थांबून, नजर न हटवता, “पर डोक्यावर घागर वतणारी भेटली न्हाई.”

मंजुळाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पाटातलं पाणी भलत्याच वाफ्यात शिरलं, तेही तिच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बायांची रांग उभी राहिली. मंजुळानं स्वतःसाठी विहिरीकडचं टोक मागून घेतलं, आगीपासून सगळ्यांत लांबचं. पण डोळे काही लांब राहीनात. “पानी खोल!” असा त्याचा जालन्यात शिकलेला हुकूम सुटला की दांडे खालीवर व्हायचे, चामड्याची नळी फुगायची, आणि तोटी खांद्यावर घेऊन तो शिडीनं गोठ्याच्या माळवदावर चढायचा. पाण्याची पांढरी कमान उन्हात उडायची. तुषार पार मंजुळाच्या गालापर्यंत यायचे. वरून तो तिच्याकडे एकदाच बघायचा... एकदाच, पण तेवढ्यानं घागर हातातून निसटायची वेळ यायची.

जीव जडला की माणसं गाणी गुणगुणतात म्हणे. मंजुळाला मात्र धडकी भरली. त्यानं शिडीवर पाय ठेवला की तो खाली उतरेपर्यंत ती श्वास रोखून धरायची. रात्री डोळा लागला की माळवद बसायचं, आणि हल्ली त्यावर रामहरी नसायचा. उत्तरेश्वर असायचा.

“तुमाला भ्या वाटत न्हाई?” एकदा तिनं धीर करून विचारलं.

“वाटतं की.” तो तोटी पुसत होता. “न वाटणाऱ्याला मी शिडीवर चढू देत न्हाई.”

“मंग तुमी कावून चढता?”

त्यानं तोटी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, “सोमवारी मी आष्टीला निघालो. तिथं बी बंब आलाय. ऐतवारी तहसीलदारसाहेबांपुढं कवायत झाली की माझं हितलं काम संपलं.”

सोमवार! चारच दिवस राहिले होते. दोघंही त्या तोटीकडं बघत बसले, जसं काही तिच्यातूनच उत्तर निघणार होतं.

आता धुळाजीच्या घरची एक रीत होती. नवी मोट विहिरीत सोडायच्या आधी तिच्या कातडी सोंडेत नारायणगडाच्या अंगाऱ्याची पुरचुंडी ठेवायची. पहिल्या पाण्याबरोबर ती बाहेर पडायची आणि मोट हाकणाऱ्याला वर्षभर इजा होत नाही, असं मानायचं. शनिवारी दुपारी गडी जेवायला गेले तेव्हा मंजुळा बंबापाशी गेली. देव्हाऱ्यातला अंगारा तिनं तांबड्या चिंधीत बांधला होता. इकडं-तिकडं बघून तिनं ती पुरचुंडी पितळी तोटीच्या रुंद बाजूनं आत सारली. ‘ह्यांना काही होऊ देऊ नको,’ म्हणाली आणि पळाली. मोटेची सोंड मांडीएवढी असते आणि तोटीचं तोंड अंगठ्याएवढं, हा हिशेब त्या घटकेला कुणाला सुचणार?

तासाभरानं गल्लीतून आरोळी आली. “आग!”

ही कवायत नव्हती. लोहाराच्या भात्याची ठिणगी वाऱ्यानं उडाली होती आणि गल्लीतल्या बबनरावाच्या घरामागची कडब्याची गंजी धडधडत होती. गड्यांनी बंब ओढत नेला. बायांची रांग विहिरीपासून गल्लीपर्यंत उभी राहिली. मंजुळा आपल्या टोकाला घागर भरून पुढं देत होती, भरून पुढं देत होती. हात चालत होते. मन मात्र माळवदावर होतं.

आणि अचानक घागरी थांबल्या. पुढची बाई घागर घेईना. रांगेतून निरोप येत होता, एका तोंडातून दुसऱ्या तोंडात.

“टाकी भरली... दांडे दाबत्यात, पर पाणी निघंना... बंब मोडला म्हणं.”

मंजुळानं घागर खाली ठेवली. तांबडी चिंधी तिच्या डोळ्यांपुढं आली.

ती पळाली. बंबापाशी आठ गडी दांड्यांवर लोंबकळत होते, दांडे हलत नव्हते. नळी अजगरासारखी फुगली होती आणि तिच्या शिवणीतून पाण्याच्या बारीक पिचकाऱ्या उडत होत्या. “थांबवा! तोटीत अडकलंय!” ती किंचाळली, पण त्या गोंगाटात कोण ऐकतो? दांड्यावरचा सिदू ओरडला, “मंजुळे, हो बाजूला!” वर, बबनरावाच्या माळवदावर, धुरात उत्तरेश्वर एकटाच उभा होता. नळी धरणारा गहिनीनाथ खोकत खाली उतरून आला होता.

“जोर लावा!” उत्तरेश्वर वरून ओरडत होता. “जोर लावा बे!”

मंजुळानं शिडीकडं पाहिलं. वर्षभर चुलीपुढं न बसलेली ती पोर... तिनं पदर खोचला आणि चढली.

गंजीची आग घराच्या तुळयांपर्यंत पोचली होती आणि माळवद तव्यासारखं तापलं होतं. तळपाय पोळले. धुरानं डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. उत्तरेश्वरनं तिला पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“खाली जा! मंजुळा, खाली जा म्हणतो ना!”

ती काहीतरी ओरडली, पण त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं हात वर करून खाली खूण केली, “रोको!” गड्यांनी दांडे सोडले. सगळ्यांचं ओरडणंही थांबलं. आणि नेमक्या त्या शांततेत मंजुळाचा आवाज सगळ्या बाजारगल्लीवर घुमला,

“तोटीत अंगारा हाय! मी घातलाय! तुमाला काय होऊ नये म्हणून घातलाय!”

खाली शंभर माणसं माना वर करून बघत होती. बाया घागरी धरून उभ्या. धुळाजी त्यांच्यात, वत्सलाबाई त्यांच्यात. मंजुळाला ते सगळे दिसले आणि तिला कुणाचंच काही वाटलं नाही.

उत्तरेश्वरनं तोटी पिळून काढली. चिंधी निमुळत्या तोंडात गच्च बसली होती. त्यानं ती दातांनी ओढली, निघेना. पुन्हा ओढली. त्याच वेळी पायाखाली तुळई कडाडली. तो आवाज मंजुळाला ओळखीचा होता. वर्षभर रोज रात्री ऐकलेला. तिचे पाय शिडीकडं वळायला बघत होते... तिनं खाली बसून नळी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

चिंधी निघाली. तोटी बसली.

“पानी खोल!”

नळी हातात उसळली, जणू बैलानं हिसका दिला. त्यानं आधी पायाखालच्या भेगेत पाणी सोडलं. खालून वाफेचा लोट आला, तुळई फुसफुसली आणि हळूहळू गप्प झाली. मग पाण्याची धार गंजीकडं वळली. तो पुढं, ती मागं. तो डावीकडं वळला की ती वळायची, तो वाकला की ती वाकायची. विहीर आटली नाही. उन्हं कलली तेव्हा गंजीच्या जागी काळा चिखल उरला होता आणि गल्लीतलं एकही घर पडलं नव्हतं.

ती शिडी उतरली तेव्हा खाली धुळाजी उभा होता. तो काय बोलणार म्हणून सगळ्यांनी कान टवकारले. म्हाताऱ्यानं लेकीचे पोळलेले पाय पाहिले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि उत्तरेश्वरला म्हणाला, “समद्या पाटोद्यानं ऐकलंय, मास्तर. मी आता बहिरा झालो तर कसं चालंल? काय बोलायचं ते तुमी दोघं बोला.” आणि पाठ फिरवून बंबाचे दांडे पुसायला लागला.

उत्तरेश्वरच्या भुवया होरपळल्या होत्या, एक हात भाजला होता. तोंड काजळीनं काळं झालं होतं.

“अंगठ्याएवढ्या तोटीत लिंबाएवढी पुरचुंडी!” तो म्हणाला. रागवायचं होतं त्याला, पण आवाज भलताच ओला निघाला. “जीव गेला असता माझा.”

“ठावं हाय...” तिला रडू फुटलं. “म्हणून तर चढले.”

तो एक पाऊल पुढं आला. “मंजुळा, मला तू पायजेस. पहिल्या दिवसापासनं. तुला भ्या वाटतं ते मला दिसतंय. तू म्हणशील तर हे काम सोडतो. आष्टीला जात न्हाई. हितंच मोट हाकीन.”

इतके दिवस तिनं देवापुढं हेच तर मागितलं होतं. हो म्हणायला ओठ उघडलेही. पण समोर बबनरावाच्या शेजारची रतनबाई आपल्या अंगणात तिन्ही नातवंडांना कुशीत घेऊन बसली होती. तिचं घर उभं होतं. मागच्या साली असा बंब आणि असा माणूस ह्या गल्लीत असता तर... रामहरी घरी असता.

“मोट हाकायला आमचा बा हाय,” ती म्हणाली. “तुमी आष्टीला जा.”

त्याचा चेहरा पडला. तिनं डोळे पुसले, तर काजळी गालभर पसरली.

“अन् तिथलं आटपलं की मांजरसुंब्याला जावा. मोठ्या माणसांस्नी घिऊन या. आमच्यात मागणी घालायला पोरीच्या घरी यावं लागतं.”

गालावरची ती खळी काजळीतूनही दिसली. “म्हंजे भ्या गेलं तुझं?”

“न्हाई,” मंजुळा म्हणाली. “लई वाटतंय. तुमी चढाल तवा दर खेपंला वाटंल.” आणि मग, सगळ्या गल्लीदेखत, तिनं त्याचा भाजलेला हात आपल्या ओल्या पदरात गुंडाळला. “लवकर या.”